टाळूचं मांस काढून हिरडीला लावतात, कोणी केलंय का?

इंदिरानगरची_ताई: वय ४३. खालच्या डाव्या सुळ्याची हिरडी इतकी उतरलीय की दात शेजारच्यापेक्षा लांब दिसतो. माठातलं पाणी प्यायलं तरी कळ पार कानापर्यंत जाते. हिरड्यांच्या डॉक्टरांनी मोजलं, ४ मिमी. म्हणाले, टाळूतला आतला थर घेऊन तिथे शिवू. टाळूतला! रात्री बॅटरी घेऊन आरशासमोर आ वासून उभी होते, यांना वाटलं घास अडकला. किती दुखतं? आणि खरं सांगा, मिसळ किती दिवस बंद?

सातपूर_सेकंड_शिफ्ट: ताई, माझे वरचे दोन दात केलेत. भूल दिल्यावर नुसती ओढाताण कळते. नंतरही हिरडी नाही, टाळूच दुखली. चहाने पोळल्यासारखी, आठवडाभर. जेवताना झाकायला प्लास्टिकची पातळ पट्टी बनवून दिली होती. दोन आठवडे तिथे ब्रश नाही, फक्त क्लोरहेक्सिडिनच्या (जंतू मारणारं औषध, त्याने दातांवर डाग पडतात) गुळण्या. त्यात माझा चहा सुटेना, दात तपकिरी झाले, ते नंतर साफ करून दिले. मी रोज ओठ उचलून बघायचो, त्यावरून बोलणी खाल्ली. टाके ओढले जातात. दहाव्या दिवशी मित्र रस्सा ओरपत होते, मी नुसतं दही-मटकी.

एक विचारतो, तुम्ही उजव्या हाताने घासता ना? बहुतेक डाव्या सुळ्यावरच जोर पडतो. मी कढईसारखे घासायचो. डॉक्टरांनी आधी मऊ ब्रश हातात दिला आणि समोर घासून दाखवायला लावलं. हात सुधारला नाही तर नवी हिरडीही उतरेल म्हणाले.

पंचवटीकर: आमच्या आईला मात्र नाही म्हणाले. तीस वर्षं मिश्री, एक्स-रेत दोन दातांमधलं हाड झिजलेलं. अशा वेळी मूळ पूर्ण झाकलं जात नाही. तिची खोलवर सफाई केली आणि मिश्री सोडवली (म्हणजे ती सांगते तरी तसं). तुमचं हाड शाबूत आहे का, तेवढं विचारून घ्या.

इंदिरानगरची_ताई: विचारलं, हाड ठीक आहे. आणि हो, उजव्याच हाताने. ब्रश आत्ता बघितला, केरसुणी झालीय. सोमवारची वेळ घेतली. रविवारी मिसळ खाऊन घेते.

सातपूर_सेकंड_शिफ्ट: खा, पण उजवीकडून.