मदत हवी आहे: शेतीच्या डीपीतले लॉसेस कसे मोजायचे?

नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी आमच्या शिवारातल्या १०० केव्हीए डीपीत (म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये) वर्षाला किती युनिट वाया जातात, ते काढतोय. डीपी जुनी आहे. टेस्ट सर्टिफिकेटवर नो-लोड लॉस (लोखंडी गाभ्यातला, म्हणजेच आयर्न लॉस) २६० वॅट, फुल लोडला कॉपर लॉस (वाइंडिंगमधला, करंटच्या वर्गाप्रमाणे वाढणारा) १७६० वॅट.

लोखंडातला लॉस सप्लाय असेपर्यंत चालूच, मोटारी चालोत न चालोत. २४ तास धरले तर वर्षाला साधारण २२७८ युनिट. पण थ्री फेज येते ८ तासच, बाकी वेळ सिंगल फेज. त्या वेळेचा आयर्न लॉस कसा धरायचा? इथेच गाडी अडलीय.

दुसरं, टाँग टेस्टरने (तारेभोवती अडकवायच्या मीटरने) तिन्ही फेजचा करंट मोजला: आर १४०, वाय ९५, बी ९५ अँपिअर. फुल लोड करंट १३३. सरासरी ११० घेऊन वर्ग केला तर कॉपर लॉस सुमारे १२०० वॅट येतो, फेजनिहाय केला तर १२४०. फेजनिहायच बरोबर ना? (आर फेजवर वीजचोरीचे एवढे आकडे कोणी टाकलेत, ते गावाला माहीत आहे!)

आणि लॉस लोड फॅक्टरचं (सरासरी लॉस भागिले कमाल लॉस) ०.३–०.७ वालं सूत्र, म्हणजे ०.३ × लोड फॅक्टर + ०.७ × लोड फॅक्टरचा वर्ग, इथे लावावं का? पंप आठही तास जवळपास एकसारखेच चालतात. मीटर डेटा नाही. कोणी असं काम केलं असेल तर सांगा.