हुकूमशहाला कायदेमंडळ कशाला लागते?

टिळकवाडीकर (धागाकर्ता):
हिवाळी अधिवेशनासाठी सुवर्ण विधानसौध गजबजले की बेळगावात एक वाक्य हमखास ऐकू येते: निर्णय बेंगळूरमध्ये आधीच झालेला असतो, मग हा खटाटोप कशासाठी? लोकशाहीत हा त्रागा असतो. पण जिथे निर्णय खरोखरच आधी झालेला असतो, त्या हुकूमशाही राजवटींनाही कायदेमंडळ हवेसे का वाटते, हा प्रश्न चर्चेला घेण्याजोगा आहे. ‘नंदीबैलांची सभा’ म्हणून विषय निकालात काढणे मला पटत नाही. ज्याच्या तोंडावर कोणी खरे बोलत नाही, त्या राज्यकर्त्यालाच असंतोष कुठे साचतो आहे हे कळण्याची गरज सर्वांत जास्त असते. म्हैसूर संस्थानात १८८१ मध्ये स्थापन झालेली प्रतिनिधी सभा दसऱ्याच्या सुमारास भरत असे. दिवाण वर्षभराच्या कारभाराचा अहवाल मांडत आणि प्रतिनिधी आपापल्या भागाची गाऱ्हाणी सांगत. कायदे करण्याचा अधिकार तिला नव्हता, तरी तालुक्याचे दुखणे दरबारापर्यंत पोहोचत होते. चीनमध्ये १९९२ साली थ्री गॉर्जेस धरणाच्या ठरावाला १,७६७ प्रतिनिधींनी पाठिंबा दिला, पण १७७ जण विरोधात गेले आणि ६६४ तटस्थ राहिले. एकपक्षीय राजवटीत जवळपास एक तृतीयांश सभागृहाने मान डोलावली नाही, ही माहिती पक्षनेतृत्वाला अन्यथा कुठून मिळाली असती?

खानापूरचा वाचक:
आपल्या उदाहरणातच आपल्याला उत्तर आहे, कारण धरण झालेच. गाऱ्हाणी ऐकून घेणे आणि त्यांच्यापुढे नमते घेणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा सभागृहाचा खरा उपयोग बेकायदेशीरपणाला कायद्याचा अंगरखा चढवण्यापुरता असतो. जर्मनीत २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला संसदेविना कायदे करण्याचा अधिकार संसदेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी दिला. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात किंवा भूमिगत होते आणि सभागृहात गणवेशातले नाझी पहारा देत होते. इतक्या लांब जायलाही नको. आणीबाणीत आपली लोकसभा बंद नव्हती, उलट ती फार कामसू झाली होती. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९वी घटनादुरुस्ती ऑगस्ट १९७५ मध्ये काही दिवसांत उरकली गेली, तेव्हा विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार गजाआड होते. पुढे लोकसभेने स्वतःचीच मुदत वाढवून घेतली, तेव्हा तुरुंगातल्या मधू लिमये यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. अशा सभागृहात बसणे म्हणजे त्याला प्रतिष्ठा देणे, हे त्यांनी ओळखले होते.

निपाणीकर:
लिमये यांच्याविषयी आदर राखूनही मी असहमत आहे, आणि त्याचे कारण सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. कर्नाटकची विधानसभा लोकनियुक्त आहे, तिची हुकूमशाहीशी तुलना कोणी करू नये. तरीही सीमाप्रश्नावर ज्या सभागृहात आपले बहुमत कधीच होणार नव्हते, तिथे महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार वर्षानुवर्षे का बसले? मत हरणार हे ठाऊक असूनही म्हणणे कामकाजात नोंदले जावे म्हणून.

हुकूमशाहीतही नोंदीला किंमत असते. ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्कराची सत्ता होती, पण संसद चालू ठेवलेली होती. १९६८ मध्ये मार्सियो मोरेइरा आल्वेस या तरुण खासदाराने भाषणात सांगितले की स्वातंत्र्यदिनाच्या संचलनावर लोकांनी बहिष्कार टाकावा आणि तरुणींनी लष्करी अधिकाऱ्यांसोबत नाचू नये. तसे पाहता हे भाषण कोणी लक्षातही ठेवले नसते. पण सेनापती चिडले आणि खटला भरता यावा म्हणून त्याचे संसदीय संरक्षण काढून घेण्याची मागणी सरकारने संसदेकडे केली. १२ डिसेंबरला संसदेने ती २१६ विरुद्ध १४१ मतांनी फेटाळली, आणि नकार देणाऱ्यांत सरकारी पक्षाचेही बरेच खासदार होते.

खानापूरचा वाचक:
दुसऱ्या दिवशी काय झाले, तेही सांगावे. १३ डिसेंबरला पाचवा संस्थात्मक आदेश निघाला, संसदेला टाळे लागले आणि राजवटीतला सर्वांत क्रूर कालखंड सुरू झाला. नंदीबैलाने शिंग उगारले की त्याला गोठ्यात कोंडतात, एवढेच यातून सिद्ध होते.

टिळकवाडीकर:
कोंडले खरे, पण पुन्हा बाहेर काढावे लागले, आणि मला नेमके तेच सांगायचे आहे. १९७४ मध्ये सिनेटच्या २२ जागांपैकी १६ जागा विरोधी पक्षाने जिंकल्या, तेव्हा १९७७ मध्ये सेनापतींनी संसद काही दिवस बंद करून नियम बदलले आणि एक तृतीयांश सिनेटर अप्रत्यक्ष पद्धतीने नेमण्याची सोय केली. लोक त्यांना ‘यांत्रिक सिनेटर’ म्हणून चिडवत. जी संस्था निव्वळ शोभेची, तिच्यासाठी इतकी यातायात कोण करेल? आणि जानेवारी १९८५ मध्ये, लष्कराच्याच सोयीसाठी घडवलेल्या निर्वाचक मंडळाने विरोधकांचे तांक्रेदो नेवेस यांना ४८० विरुद्ध १८० मतांनी राष्ट्राध्यक्ष निवडले. राजवटीची पकड सुटू लागली की सभागृहातल्या माणसांचे हिशेब बदलतात. तोवर सभागृह जिवंत असावे लागते.

खानापूरचा वाचक:
पकड सुटली ती महागाईने, परदेशी कर्जाने आणि रस्त्यावर उतरलेल्या लाखो लोकांमुळे. राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीसाठी एवढी निदर्शने होऊनही एप्रिल १९८४ मध्ये याच संसदेत ती घटनादुरुस्ती आवश्यक बहुमताला २२ मते कमी पडल्याने पडली होती, आणि शंभराहून अधिक खासदार त्या दिवशी सभागृहाकडे फिरकलेच नव्हते. आपले ४८० त्यानंतरचे आहेत.