जंतुनाशक, पूतिरोधक, निर्जंतुक : लिस्टर यांच्या संदर्भात

‘अँटिसेप्टिक’साठी ‘जंतुनाशक’ हा शब्द पुरेसा आहे का, असा प्रश्न आला आहे. रोजच्या बोलण्यात तो चालतो. परंतु फरशी पुसण्याचे फिनेलही जंतुनाशकच असते आणि ते कोणी जखमेवर लावत नाही. शस्त्रक्रियेत अँटिसेप्टिक पद्धत आणणारे ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांच्या कार्याविषयी लिहिताना तर ‘पूतिरोधक’ (कुजणे रोखणारे) हाच शब्द वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘सेप्सिस’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजणे. संस्कृतातील ‘पूति’ म्हणजे कुजलेले, दुर्गंधी. आपला ‘पू’ त्याच कुळातला. लिस्टर यांच्यापूर्वी शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होणार हे गृहीतच धरले जाई, इतकेच नव्हे तर घट्ट, पांढरट पू दिसला की जखम भरू लागल्याचे ते सुचिन्ह मानले जाई. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचे किण्वनावरील (आंबण्याच्या क्रियेवरील) लेखन वाचून लिस्टर यांनी ताडले की जखम कुजते ती नुसत्या हवेमुळे नव्हे, तर बाहेरून आत शिरणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. म्हणजे रोखायचे होते ते कुजणे. जंतू मारणे हा त्याचा मार्ग होता.

इंग्लंडमधील कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बॉलिक आम्ल (फिनॉल) वापरतात, हे त्यांना ठाऊक झाले होते. ऑगस्ट १८६५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात जेम्स ग्रीनलीज हा ११ वर्षांचा मुलगा दाखल झाला. गाडीचे चाक पायावरून जाऊन त्याच्या डाव्या नडगीचे हाड मोडले होते आणि वरची कातडीही फाटली होती. अशा दुखापतीत एरवी पाय कापण्याची पाळी येई. लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्लात भिजवलेले कापड जखमेवर बांधले. काही दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा पू नव्हता, आणि सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले. त्यांनी स्वतः नोंदवलेले आकडेही बोलके आहेत : आधीच्या काळात अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते, तर १८६७ पासूनच्या तीन वर्षांत ४० पैकी ६.

‘निर्जंतुक’ हा शब्द मात्र इथे जपून वापरावा. हत्यारे आणि कपडे वाफेने आधीच शुद्ध करून जंतूंना जखमेपर्यंत येऊच न देण्याची पद्धत पुढे मुख्यतः जर्मन शल्यचिकित्सकांनी रुळवली. त्यामुळे १८६५ च्या ग्लासगोतील ‘निर्जंतुक शस्त्रक्रिया’ असे लिहिणे कालविसंगत ठरते. ‘प्रतिजैविक’ (अँटिबायोटिक) तर विसाव्या शतकातले; त्याचा लिस्टर यांच्याशी संबंध जोडू नये.

बोलीत आपण ‘जखम सेप्टिक झाली’ म्हणतो, ते मूळ अर्थाला धरूनच आहे. ‘जखम चिघळली’ यात पू, सूज, न भरणे असे सगळेच येते, म्हणून शास्त्रीय लेखनात ‘सेप्टिक’साठी ‘पूतियुक्त’ अधिक नेमका वाटतो.