सहावी-सातवीच्या मुलांना छडीवाचून वळण लागत नाही, हे मला मान्य नाही

माणगंगा (शिक्षिका, सातारा)

गेल्या आठवड्यात येथे एका निवृत्त गुरुजींनी लिहिले की, छडी गेली आणि तिच्याबरोबर शाळेचा दराराही गेला. गुरुजी वर्गात आले तरी मुले उठून उभी राहत नाहीत, केस वाढवतात, उलट उत्तरे देतात, म्हणून पालकांनीच शाळेला मारण्याची लेखी परवानगी द्यावी. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहिते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई केलेली आहे, आणि पालकाने चिठ्ठी लिहून दिली म्हणून ती मनाई उठत नाही.

पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा रोज उशिरा येई. उशिरा येणाऱ्याने पहिला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभे राहायचे, असा शाळेचा नियम होता. तो निमूटपणे उभा राही. चपला हातात, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. पहिला तास गणिताचा असे. सहामाहीत त्याला पन्नासपैकी चार गुण पडले तेव्हा मी त्याच्या घरी गेले, आणि कळले की दूध डेअरीत घातल्याशिवाय त्याला घरून निघता येत नाही, आणि त्यानंतर मिळणारी एसटी शाळा भरल्यावरच पोचते. चार महिने आम्ही त्याला शिस्तीच्या नावाखाली गणितापासून दूर ठेवले होते. अकरा ते चौदा या वयात वर्तन हेही अपूर्णांकांसारखे शिकवावे लागते. सांगायचे, करून दाखवायचे, चुकले की पुन्हा करून घ्यायचे. आणि जी अपेक्षा मुलांकडून ठेवायची, ती मोठ्यांनी स्वतः पाळायची. माझे म्हणणे एवढेच आहे.

निरगुडी (निवृत्त शिक्षक, कराड)

बाई, ते लिहिणारा मीच. दूध घालून येणाऱ्या मुलाला मारा, असे मी कोठेही लिहिलेले नाही, त्यामुळे ते उदाहरण मला लागू होत नाही. माझा प्रश्न शिक्षकाच्या हातात आता काय उरले आहे, हा आहे. कायदा म्हणतो की सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. माझ्या शेवटच्या वर्गात अठ्ठावन्न मुले होती. आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही, असे वर्षानुवर्षे चालले. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली खरी, पण सहावी-सातवी पुन्हा मोकळीच राहिली.

निवृत्तीच्या वर्षी मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना एका मुलाने माझे चित्रीकरण केले आणि ते गावभर फिरवले. वडिलांना बोलावले, तर ते म्हणाले, “व्हिडिओच काढला ना गुरुजी, चोरी तर नाही केली!” त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. आमच्या वेळी आम्ही वर्ग झाडत होतो, आडाचे पाणी शेंदून आणत होतो आणि त्यातूनच आम्हाला वळण लागले. कर्मवीरांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, तिचे ब्रीदच ‘स्वावलंबी शिक्षण’ आहे. आज मुलाच्या हातात केरसुणी दिली, तर पालक मोबाईल घेऊन कार्यालयात उभे राहतात.

वसना (पालक, कोरेगाव)

गुरुजी, मोबाईल घेऊन कार्यालयात उभ्या राहणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि का उभी राहिले तेही सांगते. माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या वर्गात रोज सकाळी चार मुली वर्ग झाडतात आणि त्या वेळी मुले मैदानावर असतात. मी वर्गशिक्षकांना विचारले तेव्हा “मुलींना नीट जमते” असे उत्तर मिळाले. माझ्या मुलीला दम्याचा त्रास आहे. ओढणी तोंडाला बांधून ती झाडत होती, आणि खडूची धूळ तिच्या भुवयांपर्यंत बसलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. याला आपण वळण म्हणत असाल, तर ते फक्त मुलींनाच का लावायचे?

शिराळा (व्यावसायिक, जिल्हा सांगली)

ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत झाले ते चूकच आहे, पण ती चूक त्या शिक्षकाची आहे, झाडण्याच्या कामाची नाही. कर्मवीरांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि हातांनी कष्ट करत. माझे आजोबा रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. ते नव्वदीतही स्वतःचे ताट स्वतः घासत आणि आम्हा नातवंडांना आपापली ताटे उचलायला लावत. आज माझ्या दुकानात पदवीधर मुले कामाला येतात, तेव्हा काउंटर पुसायला सांगितले की त्यांचा चेहरा उतरतो. शाळेने मुलांकडून वर्तनाची एकच अपेक्षा ठेवायची ठरवली, तर ती आपला केर आपण काढावा, हीच असावी, असे माझे ठाम मत आहे.

गोणपाट (अभियंता, मूळचे सातारा)

केर काढण्याविषयी इतक्या श्रद्धेने लिहिणाऱ्यांनी कोणाला कोणता केर वाट्याला येतो, हेही एकदा पाहावे. मी नव्वदच्या दशकात सातवीत होतो. वर्ग सगळे झाडत. मुताऱ्यांवर पाणी मारण्याचे काम मात्र आमच्या वस्तीतल्या तिघांकडेच येई. कोणी तसा हुकूम दिलेला नव्हता. शनिवारी सकाळची शाळा सुटताना बादली आमच्या बाकाजवळ आणून ठेवलेली असे आणि आम्ही ती उचलत असू. त्या बादलीची कडी तुटलेली होती आणि तिच्या जागी तार गुंडाळलेली होती. ती तार बोटात रुतायची, हे मला आजही आठवते.

साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव शाळेत घातले गेले, आणि २०१७ पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यांना लहानपणी शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे. दरवर्षी हार घालणाऱ्या शाळांनी आपल्याकडे बादली कोणाच्या बाकाजवळ ठेवली जाते, हे आधी तपासावे.

निरगुडी

मी एकतीस वर्षे नोकरी केली आणि एकाही मुलाला त्याची जात विचारली नाही. येथे कोणी माझ्यावर असा आरोप करत असेल, तर तो मी सहन करणार नाही.

गोणपाट

गुरुजी, विचारावी लागतच नव्हती. ती हजेरीपटात लिहिलेली होती आणि वस्तीच्या नावातही होती. आपल्यावर व्यक्तिशः मी आरोप केलेला नाही. पण आपल्या शाळेतील मुतारी कोण धूत होते, हे आपल्याला आठवते का, एवढेच सांगावे.

शिराळा

विषय वर्तनाचा होता, तो जातीवर का नेला जात आहे?

वसना

कारण वर्तनाची अपेक्षा काहींकडूनच ठेवली जाते, आणि ती कोणाकडून ठेवायची हे आधीच ठरलेले असते. माझ्या मुलीकडून ठेवली, यांच्या वस्तीतल्या तिघांकडून ठेवली. विषय कोठेही गेलेला नाही.

येरळा (शिक्षक, जिल्हा सांगली)

सर्वांनी थोडे शांत व्हावे, अशी विनंती आहे. मीही वर्गात झाडलोट करून घेतो. हजेरी क्रमांकाप्रमाणे पाळीचा तक्ता भिंतीवर लावलेला आहे, मुले-मुली असा भेद नाही, दमा असणाऱ्याला फळा पुसण्याचे काम मिळते आणि शुक्रवारी माझी पाळी असते. स्वच्छतागृह मुलांकडे मुळीच नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडून माणूस मिळावा म्हणून आम्हाला दोन वर्षे भांडावे लागले. माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे. त्याच कायद्याचे २७ वे कलम जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत, असे सांगते, आणि तरीही माझा निम्मा दिवस मोबाईलवर माहिती भरण्यात जातो. शिक्षक वर्गात असूनही नसेल, तर मुले दंगा करणारच.

आमच्या जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. भोंगा मुलांइतकाच घरच्या मोठ्यांनाही लागू आहे, आणि माझ्या मते त्यामुळेच तो चालला.

निरगुडी

काल रात्री बराच वेळ विचार केला. आमच्या शाळेत मुतारी कोण धूत होते, हे मला आठवले. अधिक लिहीत नाही. पाळीचा तक्ता असावा आणि त्यात शिक्षकाचेही नाव असावे, हे मी मान्य करतो. पालकांच्या लेखी परवानगीची सूचना मी मागे घेतो, कारण ती कायद्यात बसत नाही. माझे मन त्यामुळे बदलले, असे मात्र समजू नये. मूळ प्रश्न तसाच आहे. भर वर्गात उलट उत्तर देणाऱ्या मुलाचे शिक्षकाने काय करायचे, हे माणगंगाबाईंनी अजून सांगितलेले नाही.

माणगंगा

गुरुजी, आपण ते आठवून येथे लिहिलेत, याबद्दल मला आदर वाटतो. उलट उत्तराचा माझा अनुभव याच वर्षीचा आहे. एका मुलाचा मोबाईल दप्तरात सापडला आणि मी सर्वांदेखत त्याला बोलले. तो बसल्या जागेवरून म्हणाला, “तुम्ही पण वापरताच की तासाला!” वर्ग एकदम गप्प झाला. माझा हात टेबलावरच्या माझ्या मोबाईलवर होता; मी खरोखरच त्या तासाला माहिती भरत होते. त्या क्षणी हातात छडी असती, तर ती मी वापरली असती, हेही आपल्याला सांगते.

दुसऱ्या दिवसापासून हजेरी झाली की माझा मोबाईल मुलांच्या मोबाईलांबरोबर मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो आणि माहिती मी मधल्या सुट्टीत भरते.

निरगुडी

म्हणजे त्याचे उद्धट बोलणे आपण खपवून घेतलेत. मुलगा खरे बोलला म्हणून कसेही बोललेले चालते, हे मला पटत नाही. “नीट बोल” एवढे तरी त्याला सांगितलेत का?

माणगंगा

सांगितले. मोबाईल कपाटात ठेवून आले, त्याला जागेवर उभे केले आणि कालचेच म्हणणे नीट शब्दांत पुन्हा मांडायला लावले. दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा म्हणाला, “बाई, तासाला आपण कोणीच मोबाईल नको वापरायला.” मी म्हटले, “बरोबर आहे तुझे, बस,” आणि पुस्तक उघडले.