तेल वर तरंगलं तरी सगळं वर येत नाही

समुद्रात तेल सांडलं की कोणीतरी म्हणतंच, तेल पाण्यावर तरंगतं, तवंग गोळा केला की विषय संपला. २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या फलाटाचं उदाहरण बघा. २० एप्रिलच्या स्फोटात ११ कामगार गेले (त्यांची आठवण तेलाने माखलेल्या पेलिकन पक्ष्यांच्या फोटोंपुढे कोणाला राहिली?), आणि विहीर बंद व्हायला ८७ दिवस लागले. विहिरीचं तोंड समुद्रात सुमारे दीड किलोमीटर खोल. तिथेच तेल फोडणारी रसायनं सोडली, त्यामुळे बरंचसं तेल बारीक थेंब होऊन खोल पाण्यातच पसरत राहिलं.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या कालवांचं (ऑयस्टर शिंपल्यांचं) तर वेगळंच झालं. तेल किनाऱ्यापासून लांब राहावं म्हणून मिसिसिपी नदीचं गोडं पाणी खाडीत सोडलं. कालवांना लागतं मचूळ पाणी. खारटपणा उतरला आणि ती जागच्या जागी मेली. म्हणजे तेलापासून वाचलेली उपायाने गेली! दलदलीतल्या गवताच्या देठांना तेल चिकटलं, गवत मेलं, मुळांनी धरलेली माती सुटली आणि काठ वाहून गेला. तो कुठल्या पंपाने गोळा करणार?

मासेमारी बंद पडल्यावर तिथल्या कोळंबीवाल्यांच्या होड्या तेल अडवायच्या कामाला लावल्या. मजुरी मिळाली, पण जाळं सुकंच.