स्लीपवर टाकलेला पीसी आपोआप जागा होतो

चकवा
विंडोज ११, डेस्कटॉप. स्लीप दिलं की पंखे थांबतात, दिवा लुकलुकायला लागतो, सगळं ठीक. पण कधी दोन-चार मिनिटांतच पुन्हा सुरू, तर कधी मध्यरात्र उलटल्यावर. माउस उलटा ठेवून पाहिला, फरक नाही. उघड्या फाइल्स तशाच राहायला हव्यात, त्यामुळे शट डाउन नको. नक्की कोण उठवतंय ते कसं शोधायचं?

खटपट्या
अंदाजपंचे सेटिंग्ज बदलत बसू नका, विंडोज स्वतःच नोंद ठेवतं. स्टार्टवर राइट क्लिक > इव्हेंट व्ह्यूअर > विंडोज लॉग्ज > सिस्टम. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये सोर्स म्हणून ‘पॉवर-ट्रबलशूटर’ निवडा आणि आयडी १ ची नोंद उघडा. त्यात ‘वेक सोर्स’ ही ओळ असते, तीच कामाची. तिथल्या ‘स्लीप टाइम’ आणि ‘वेक टाइम’ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, त्यावरून हमखास गोंधळ होतो. स्थानिक वेळ ‘लॉग्ड’पुढे दिसते.

तुमच्या वर्णनावरून गुन्हेगार दोन वाटतात. लगेच उठवणारं एखादं डिव्हाइस, मध्यरात्री उठवणारा टायमर.

चकवा
बरोबर! एका नोंदीत नेटवर्क कार्डाचं नाव आहे, दुसरीत ‘टायमर’ आणि एका शेड्यूल्ड टास्कचं. तिसऱ्या एका नोंदीत मात्र नुसतं ‘अननोन’.

खटपट्या
नेटवर्क कार्ड: डिव्हाइस मॅनेजर > नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स > कार्डावर डबल क्लिक > पॉवर मॅनेजमेंट. हा पीसी दुसरीकडून चालू करायची गरज नसेल तर ‘अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ची खूण काढा. गरज असेल तर ती राहू द्या, खालच्या ‘ओन्ली अलाउ अ मॅजिक पॅकेट’वर खूण करा (मॅजिक पॅकेट म्हणजे पीसी उठवण्यासाठी मुद्दाम पाठवलेला संदेश), आणि अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘वेक ऑन पॅटर्न मॅच’ डिसेबल करा. खरी मेख इथेच असते: पॅटर्न मॅच चालू असलं की राउटरने किंवा घरातल्या दुसऱ्या कुठल्या मशीनने साधी चौकशी केली तरी पीसी उठून बसतो.

टायमर: कंट्रोल पॅनल > पॉवर ऑप्शन्स > चेंज प्लॅन सेटिंग्ज > अ‍ॅडव्हान्स्ड > स्लीप > ‘अलाउ वेक टायमर्स’ डिसेबल. ‘इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली’ ठेवलंत तर अपडेटनंतरच्या रीस्टार्टसाठी पीसी तरीही उठू शकतो. ही सेटिंग प्रत्येक पॉवर प्लॅनची वेगळी असते, प्लॅन बदललात की पुन्हा तपासा.

तारतंत्र
सरसकट टायमर बंद करायचे नसतील, म्हणजे रात्रीचा बॅकअप वगैरे लावला असेल, तर टास्क शेड्यूलरमध्ये फक्त तो टास्क उघडा. कंडिशन्स टॅबमधली ‘वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क’ची खूण काढली की झालं. ऑटोमॅटिक मेंटेनन्स, म्हणजे विंडोज आपोआप करतं ती देखभाल, तीही बघा. तिची ठरलेली वेळ मुळात रात्री २ ची असते, आणि पीसी उठवायची परवानगी तिच्याच सेटिंगमध्ये असते.

‘अननोन’ म्हणजे कोणी उठवलं ते विंडोजला कळलं नाही. आधी यूएसबीवाल्यांवर संशय घ्या. वायरलेस माउसचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) पुष्कळदा कीबोर्ड म्हणूनही नोंदलेला असतो, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘माइस’खालची पीसी उठवायची खूण काढून भागत नाही, ‘कीबोर्ड्स’खालच्या नोंदीही तपासाव्या लागतात. खऱ्या कीबोर्डची खूण तेवढी राहू द्या, नाहीतर दर वेळी पॉवर बटण दाबावं लागेल. तरीही उठत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) आरटीसी अलार्म, म्हणजे ठरलेल्या वेळी पीसी चालू करणारा गजर, चालू राहिलाय का ते पाहा. विंडोजमधून तो बंद होत नाही.