पेलेट स्टोव्हच्या दाराचा खटका ढिला झालाय, काय करावं? (पाचगणी)

टेबललँडखाली:
नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, काय काय करून झालं तेपण सांगायचंय. आमच्या आबांना दमा आहे, पूर्वी थंडीत घमेल्यात कोळसे फुलवून खोलीत ठेवायचो ते डॉक्टरांनी सक्त बंद करायला लावलं. मग एका बंगल्यातला जुना पेलेट स्टोव्ह मिळाला (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर चालतो), इटालियन आहे, आबा रात्रभर शांत झोपायला लागले. पण पावसाळ्यात चार महिने बंद होता, आता दिवाळीनंतर लावला तर दाराचा खटका खिळखिळा, हँडल पूर्ण दाबलं तरी दार हाताने हलतंय. बिजागरीचा एक बोल्ट नुसता फिरतोय, आटे गेलेत बहुतेक. राखेच्या ट्रेची कडीपण सैल. आणि पेटल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पेलेट पडायचेच थांबतात, एरर येऊन बंद. नायलॉनवाले नट बसवले होते, दोन दिवसांत परत ढिले. कोणी केलंय का असलं काम? साताऱ्यात सामान कुठं मिळंल?

कुपवाडचा_फिटर:
दादा, दार नीट होईपर्यंत स्टोव्ह पेटवू नका ही पहिली विनंती, घरात दम्याचा माणूस आहे म्हणून सांगतो. हा स्टोव्ह चुलीसारखा नसतो, आतला पंखा धूर बाहेर ओढतो आणि त्या ओढीवर सगळं चालतं. दार सैल असलं की हवा जाळाच्या भांड्याखालून यायची ती दाराच्या फटीतून येते, जाळ पिवळा आळशी होतो, काच काळी पडते. ओढ कमी झाली की ती ओळखणारा प्रेशर स्विच पेलेट सोडणारा स्क्रू बंद करतो. तुमचा एरर बहुतेक तोच, मशीन बिघडलेलं नसंल. आणि पाचगणीत लाईट गेली की पंखाच थांबतो, मग उरलेला धूर त्याच फटीतून खोलीत.
नायलॉनचे नट तिथं टिकत नाहीत, त्यातलं नायलॉन १२० डिग्रीच्या आसपासच दम सोडतं. निळं थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारं द्रव) लावायचं डोक्यात असेल तर तेही १८० पर्यंतच. पूर्ण धातूचे लॉकनट घ्या, नाहीतर स्टेनलेसचा बोल्ट, स्प्रिंग वायसर आणि वर चेकनट. गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेला) आतल्या बाजूला नको, फार तापला तर जस्ताचा थर सुटतो.

कृष्णाकाठ:
आमच्या बंबाच्या दाराची कडी अशीच गेलेली, गल्लीतल्या वेल्डरने एका टाक्यात बसवून दिली. एवढा खटाटोप कशाला?

कुपवाडचा_फिटर:
भाऊ, बंब पत्र्याचा, त्याला चालतं. ह्यांचं दार बिडाचं असलं आणि साध्या रॉडने टाका मारला तर टाक्याच्या बाजूनेच तडा जातो. बिडाला निकेलचा रॉड आणि आधी तापवून घेणारा माणूस लागतो. आटे गेलेत त्याला वेल्डिंग नकोच, लेथवाल्याकडे दार नेऊन एक साइज मोठा टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून घ्या, एम ५ (५ मिमीचा बोल्ट) असेल तर एम ६.

वाईची_माहेरवाशीण:
दादा, खटका आवळायच्या आधी दाराभोवतीची फट बंद करणारी दोरी बघा. आमच्याकडे खटका चांगलाच होता, दोरी दबून चपटी झालेली, आणि ह्यांनी खटका आवळून आवळून त्याची पिनच वाकवली. थंड स्टोव्हमध्ये दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची, सहज सुटली तर तिथं फट आहे, चारी बाजूंनी करायचं. दोरीची जाडी जुन्या दोरीवरून नाही, खोबणीवरून घ्या. बसवताना ताणू नका, ताणली की बारीक होते. खोबणी घासून कोरडी करायची आणि भट्टीचं सिमेंट लावायचं. दुकानदार अॅस्बेस्टॉसची दोरी पुढं करेल, स्वस्त पडते, पण ती घरात आणू नका, ग्लास फायबरचीच मागा.

टेबललँडखाली:
ताई, नोट तीन बाजूंनी सरळ निघून आली! ही दोरी मिळते कुठं?

कुपवाडचा_फिटर:
बॉयलरचं सामान ठेवणाऱ्यांकडे. आपल्या भागात साखर कारखाने एवढे आहेत की सांगली-कुपवाडला नक्की मिळते, साताऱ्यात एमआयडीसीकडच्या दुकानात विचारा, पोवई नाक्यावर साध्या हार्डवेअरमध्ये फिरत बसू नका. दोरी आधी, खटका नंतर. खटक्याची पट्टी दोन स्क्रूवर सरकती असंल तर एकेक मिलिमीटर आत घ्या, नसंल तर पट्टीखालचा एक वायसर काढून बघा. हँडल शेवटी जरासा जोर लावून बसलं पाहिजे, अंगाचा जोर लागला तर जास्त झालं. बोल्टला कॉपरचं अँटीसीझ ग्रीस लावा, पुढच्या वर्षी सुटायला पाहिजे, महाबळेश्वर-पाचगणीचा पाऊस बोल्ट गंजवतो.

टेबललँडखाली:
झालं काम! लेथवाल्याने एम ६ करून दिला, १० मिमीची दोरी खोबणीत बरोबर बसली, सिमेंट सुकायला रात्रभर दिलं. काल तीन तास जाळला, एरर नाही, काच स्वच्छ, जाळ सरळ वर. ट्रेच्या कडीला नवीन स्प्रिंग टाकली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मपण मागवलाय, तो आबांच्या खोलीत लावणार. फक्त बिजागरीकडचा वरचा कोपरा नोट अजून थोडी सोडतोय.

वाईची_माहेरवाशीण:
बिजागरीच्या पिनेखाली एक पातळ वायसर घाला, दार वर उचललं जाईल. आमचा तोच कोपरा होता.